पार्टिशनपंत

संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक कचेरीत एक गृहस्थ असे असतात, की डिस्कमध्ये काय ठेवलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. डिस्कच्या वाटण्या कशा झाल्यात, एवढंच त्यांना समजून घ्यायचं असतं. नव्या लॅपटॉपचे पेढे घेऊन जा, पेढा तोंडात टाकून ते विचारतील, "एमबीआर की जीपीटी?" केवढ्याला पडला, हप्ता किती, हे प्रश्न त्यांना सुचतच नाहीत. खरं नाव पगारपत्रकावर असतं. बाकी सगळे त्यांना पार्टिशनपंत म्हणतात.

पंतांना ओळखायचं ते किल्ल्यांच्या जुडग्यावरून. त्यात घराची किल्ली, स्कूटरची किल्ली आणि लिनक्स भरलेला एक पेन ड्राइव्ह. घराची किल्ली विसरून ते वहिनींची वाट बघत जिन्यात बसलेले लोकांनी पाहिलेत. पेन ड्राइव्ह विसरलेला कोणी पाहिला नाही. माउसचं त्यांना वावडं आहे. रंगीत पट्टे ओढून डिस्कची वाटणी करता येते हे त्यांना मान्य आहे, पण सभ्य माणसाने ते चारचौघांत करू नये, असं त्यांचं मत पडतं. काळी खिडकी, पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर समोर आला, की एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेंगणारा हा माणूस ताठ बसतो.

"डिस्क म्हणजे जमीन आणि पार्टिशन टेबल म्हणजे सातबारा," हे त्यांचं आवडतं वाक्य. इथून पुढे त्यांना थांबवणं अवघड. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे एमबीआर, ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडला, ६४ बाइट सातबाऱ्याला आणि शेवटचे दोन बाइट सहीला. चौसष्ट बाइटमध्ये सोळा-सोळाच्या चार नोंदी बसतात, म्हणून एमबीआरवर मुख्य वाटण्या चारच. ही पद्धत १९८३ साली डॉस २.० बरोबर आली. त्याच वर्षी आलेल्या आयबीएमच्या एक्सटी संगणकात दहा एमबीची डिस्क होती. "दहा एमबीला चार वाटण्या म्हणजे चंगळच की!" पंत त्या लोकांची बाजू घेऊन भांडतात. पुढे लोकांना पाचवी वाटणी हवीशी झाली, मग चौथीला एक्सटेंडेड म्हणून तिच्या पोटात आणखी घातल्या. पुढे डिस्का दोन टीबीच्या वर गेल्या आणि बत्तीस बिटांत सेक्टरचा आकडाच मावेना, तेव्हा जीपीटी कामाला आली. तिच्यात १२८ नोंदी असतात आणि सगळ्या सातबाऱ्याची एक नक्कल डिस्कच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली असते. नक्कल हा शब्द उच्चारताना पंतांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते पगारवाढीच्या पत्राने कधी आणलं नाही.

एकदा हिशेब खात्यातले देशपांडे म्हणू या अशा एका गृहस्थांची बाहेरची डिस्क रुसली. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो तिच्यात. विंडोज म्हणत होतं, फॉर्मॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही. पंतांनी पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टरी आवाजात: "आणि तुम्ही हो म्हणालात?"

"नाही."

"शहाणे आहात. बसा."

डिस्क जोडली. एलएसबीएलके मारलं. एसडीबी, ९३१.५ जी.

"एक टीबीची घेतली होती," हिशेबनीस पुढे झुकले. "वरचे एकोणसत्तर कुठे गेले?"

कंपनी हजाराने मोजते आणि संगणक एक हजार चोवीसने, जीबीपर्यंत पोचता पोचता एवढी तूट दिसते, प्रत्यक्षात एक बाइटही कमी नाही, असं पंतांनी नीट समजावलं. ते हिशेबनिसांनी ऐकून घेतलं. पण दुकानदाराने काहीतरी मारलंय हा संशय त्यांच्या डोळ्यांतून गेला नाही. फोटोंपेक्षा आता त्यांना त्या एकोणसत्तर जीबींची चिंता लागली होती.

एफडिस्क उघडून पंतांनी पी दाबला. टेबल कोरं. "बघा, नोंदच उडालीय. पीक उभं आहे, फक्त तलाठ्याच्या वहीतलं पान फाटलंय." आधी आहे त्या कोऱ्या टेबलाचीसुद्धा एसएफडिस्कने फाइल काढून ठेवली. कोऱ्याची नक्कल कशाला, हे त्यांना विचारायची सोय नसते. मग टेस्टडिस्क लावलं. ते बिचारं जमीन पायी तुडवत, कुठे एखाद्या फाइल सिस्टिमची सुरुवात दिसते का बघत जातं. सेक्टर २०४८ वर एनटीएफएस सापडली. आता टेस्टडिस्कला सांगून टेबल लिहिता आलं असतं. पण पंत ते बंद करून पुन्हा एफडिस्कमध्ये आले, कारण नोंद स्वतःच्या हाताने घालण्यात जी मजा आहे ती आयती मिळण्यात नाही. एन दाबला, सुरुवात २०४८, शेवट कागदावर लिहून घेतलेला. तेवढ्यात एफडिस्कने विचारलं: इथे एनटीएफएसची खूण आहे, पुसून टाकू का?

हिशेबनिसांनी इंग्रजी वाचलं आणि खुर्चीचे हात धरले. पंतांनी त्यांच्याकडे न बघता सावकाश एन दाबला. मग टी, मग सात, मग पुन्हा पी. मग पुन्हा एकदा पी.

खरी गंमत डब्ल्यूच्या आधी असते. एफडिस्कमध्ये तुम्ही काहीही उलथापालथ करा, डब्ल्यू दाबेपर्यंत ती नुसती मेमरीत राहते. क्यू दाबून बाहेर पडलात तर डिस्कला कळतसुद्धा नाही. म्हणून पंतांचं एफडिस्कवर प्रेम आणि पार्टेडवर राग, कारण पार्टेडमध्ये आज्ञा सुटली की लागू झाली. विंडोजच्या डिस्कपार्टमधलं क्लीन तर एका शब्दात टेबल साफ करतं, "खरंच का?" एवढंही विचारत नाही. त्याचं नाव पंत संध्याकाळनंतर घेत नाहीत. तर डब्ल्यूच्या आधी पंतांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले, डिस्कच्या पाठीवरचा सीरियल नंबर चष्मा कपाळावर चढवून वाचला, पडद्यावरच्याशी ताडून पाहिला, आणि म्हणाले, "कोणी बोलू नका." कोणी बोलतच नव्हतं. डब्ल्यू. फोटो आले. वधूपिता रडवेले झाले, पंतांचा हात हातात घेऊन म्हणाले, "उपकार झाले. पण ते एकोणसत्तर तेवढे बघा."

पंतांकडे एकच विनोद आहे आणि तो ते लग्नकार्यात सांगतात. जीपीटीमध्ये प्रत्येक वाटणीच्या प्रकाराला एक लांबलचक आकडा असतो. त्यातला बायॉस बूट वाटणीचा आकडा असा निवडलाय, की त्याचे बाइट डिस्कवरच्या क्रमाने अक्षरं म्हणून वाचले तर "हा! आय डोन्ट नीड ईएफआय" असं निघतं. विनोद खरा आहे, चांगलाही आहे. पण तो कळण्यासाठी आधी ईएफआय कळावं लागतं, मग बाइटांचा उलटा क्रम, आणि तोवर पंगत उठलेली असते.

लेबलांच्या बाबतीत मात्र ते कमालीचे रूक्ष. नाव इंग्रजीत, लहान लिपीत, मध्ये जागा नाही. एकदा कोल्हापूर शाखेच्या साहेबांनी हट्ट धरला, आमच्या डिस्कला मराठीत नाव पाहिजे. पंत नको म्हणत असताना एका उत्साही पोराने ते घातलं. एक्सटीफोर फाइल सिस्टिमच्या लेबलला जागा सोळा बाइटची. देवनागरीची प्रत्येक खूण, मग ती काना असो की पाय मोडणं, तीन बाइट खाते. म्हणजे खुणा पाच, आणि एक बाइट उरतो लोंबकळत. लेबल लांब आहे, कापतोय, असा इशारा आला होता. पोराने तो वाचला नाही. पडद्यावर "कोल्ह" आणि त्यापुढे एक काळं प्रश्नचिन्ह. शाखेतून फोन आला, "आम्हास्नी कोल्हं म्हनतायसा व्हय?" पंतांनी तोडगा काढला. जीपीटीत वाटणीचं स्वतःचं वेगळं नाव असतं आणि त्यात अशा छत्तीस खुणा मावतात, म्हणून तिथे "कोल्हापूर शाखा जुनी बिलं" असं सगळं ऐसपैस बसवलं. फाइल मॅनेजरला फाइल सिस्टिमचं लेबल दिसतं, हे नाव नाही. त्यामुळे ते आजतागायत फक्त पंतांनाच दिसतं.

या जमातीत एक पोटजात बीएसडीवाल्यांची. त्यांच्याकडे आकडे नाहीत, अक्षरं आहेत. ए म्हणजे रूट, बी म्हणजे स्वॅप, आणि सी म्हणजे अख्खी डिस्क. नवखा माणूस सी बघतो आणि एवढी मोठी वाटणी रिकामी कशी म्हणून हरखतो. बीएसडीवाला त्याला तिथवर जाऊ देतो आणि मगच खोकतो. सोलॅरिसवर तेच काम दोन नंबरची स्लाइस करते, आणि पीसीवरच्या नेटबीएसडीत अख्ख्या डिस्कचा मान डीला. हे तिघे एका चहाच्या टेबलावर बसले तर बिल येईपर्यंत एकमत होत नाही. आमचे पंत लिनक्सचे. पण ओपनबीएसडी स्वतःहून डिस्कच्या दहाएक वाटण्या पाडतं, टेंपला वेगळी, व्हारला वेगळी, होमला वेगळी, हे ऐकल्यापासून ते त्या मंडळींना नमस्कार आधी करतात.

आणि प्रत्येक डिस्कच्या शेवटी पंत थोडी जागा मोकळी ठेवतात. कुणालाच न दिलेली. "पुढे लागेल." घरी दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्याचा एक कोपरा असाच रिकामा आहे. वहिनींनी तिथे शोकेस ठेवायची गोष्ट काढली, तेव्हा पंत म्हणाले, वाढवणं सोपं असतं, कमी करणं अवघड. वहिनींना हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे.

क्लाउड आल्यावर पंतांचं संस्थान खालसा झालं, असं पोरांना वाटलं. डिस्क भरली की वेब पानावर आकडा बदलायचा, संपलं. एका शुक्रवारी रात्री सर्व्हरची डिस्क भरली. पोराने शंभरची दोनशे केली आणि पार्टेडने विचारलं: सगळी जागा वापरात दिसत नाही, फिक्स की इग्नोर? पोराने पंतांना फोन लावला.

"कशाला हात लावू नकोस. अरे बाबा, जीपीटीची नक्कल शेवटच्या सेक्टरवर असते ना? तू जमीनच वाढवलीस. आता ती नक्कल शेताच्या मधोमध पडलीय. फिक्स म्हण, ती उचलून टोकाला जाईल."

फिक्स झालं. मग ग्रोपार्टने वाटणी आणि रीसाइझटूएफएसने फाइल सिस्टिम वाढवायची, एवढंच उरलं.

"पाच जीबी मोकळे ठेव," पंत म्हणाले.

"कशाला?"

"असू देत. भाडं दोनशेचंच भरतोय ना आपण? मग तुझं काय जातं?"

पोर हो म्हणालं आणि फोन ठेवून सगळीच्या सगळी जागा रूटला देऊन मोकळं झालं.

सोमवारी सकाळी पोर डबा ठेवतंय तोच पंत त्याच्या टेबलापाशी उभे. हातात कागद, त्यावर सुरुवातीचा आणि शेवटचा सेक्टर, दोनदा अधोरेखित. आवाजात राग अजिबात नाही.

"एक्सटीफोर चालू असताना वाढवता येतं, लहान करता येत नाही. अनमाउंट करावं लागेल. सर्व्हर केव्हा बंद करू, तेवढं सांग."