ऐकतोय, बोला

अमेरिकेत स्कॅनर नावाचं एक यंत्र घेऊन बसणाऱ्या लोकांची जमात आहे. हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारत राहतं आणि कुठे कुणी बोलताना सापडलं की तिथेच थबकतं. आगीचा बंब कुठे निघाला, महापालिकेची गाडी कुठल्या गल्लीत अडकली, विमानतळावर कोणाला ताटकळत ठेवलंय, हे सगळं घरबसल्या कळतं. त्यातून फायदा शून्य. ऐकणारा बंबाच्या मागे धावत नाही, विमान उतरवायला मदत करत नाही. नुसतं ऐकतो आणि झोपायला जातो.

हा छंद मला कळल्याबरोबर आपला वाटला. दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यात मीरा-भाईंदरकरांचा हात कोण धरणार? आमच्याकडे दोन बिल्डिंगांमध्ये जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी जागा. समोरच्या घरात फोडणी कशाची पडली हे नाकाला कळतं, आणि ती का करपली याची साग्रसंगीत चर्चा कानाला. फ्रिक्वेन्सी शोधायची गरजच नाही, सगळी स्टेशनं एकदम लागतात.

यंत्राचं मात्र आपल्याकडे अवघड आहे. बिनतारी यंत्र बाळगायचं तर सरकारचा परवाना हवा, असं सांगणारा कायदा इंग्रजांनी 1933 साली केला. त्याच्या सावलीत आपल्या आधीच्या पिढीने साधा रेडिओसुद्धा लायसन काढून ऐकला. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट डकवून, शिक्का मारून घ्यायचा. सुगम संगीत ऐकायला परवाना, ही कल्पना आजच्या पोरांना सांगितली तर ती आपल्या तब्येतीची चौकशी करतात. रेडिओचं लायसन गेलं, जुन्या कायद्याची जागा आता 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली. पण पोलिसांचा वायरलेस घरी बसून ऐकावा, असं काही त्यात लिहिलेलं नाही.

1 ऑक्टोबर 2020 पासून आम्हाला वसई-विरारच्या जोडीने स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं. ते वायरलेसवर दिवसभर काय बोलत असतील याची उत्सुकता मी काशीमिऱ्याच्या सिग्नलला भागवतो. रिक्षा थांबते, शेजारी ट्रॅफिक हवालदार उभा असतो, त्याच्या खांद्यावरचा सेट खरखरतो. त्या खरखरीतून 'घोडबंदर' एवढाच शब्द सुटा होऊन बाहेर येतो. हवालदार सेट तोंडाशी नेऊन म्हणतो, "जाम आहे सर." सिग्नल सुटतो. यात गुप्त काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

तसं पाहिलं तर मुंबईत चोरून ऐकण्याचा सर्वांत मोठा उद्योग पोलिसांनीच केला. 1942 च्या ऑगस्टमध्ये, 'चले जाव'नंतर काही दिवसांतच, 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. त्यामागे उषा मेहता होत्या, वय अवघं बावीस. ट्रान्समीटर एका घरातून उचलायचा, दुसऱ्या घरात नेऊन लावायचा. आपण भारतात कुठूनतरी बोलतोय, एवढंच त्या श्रोत्यांना सांगत. आणि तो 'कुठूनतरी' नेमका कुठे, हे हुडकायला ब्रिटिशांचे पोलीस कान लावून बसले होते. 12 नोव्हेंबरला त्यांनी केंद्र पकडलं. इतका एकनिष्ठ श्रोता कुठल्याही नभोवाणीला नंतर लाभला नसेल.

आमचं ऐकणं असं राष्ट्रीय दर्जाचं नाही. मला बातमी नकोच असते. मला आवडतो तो कामात असलेल्या माणसाचा आवाज. समोर प्रेक्षक नाही, छाप पाडायची नाही, निरोप पोचला म्हणजे झालं. लोकलच्या शेवटच्या डब्यात गार्डच्या केबिनला पाठ लावून उभं राहिलं की हे कळतं. दोन घंटा, गाडी सुटते. एक घंटा, थांब. मोटरमन पुढच्या टोकाला, गार्ड मागच्या टोकाला, मधे घामाघूम झालेले आपण हजारो, आणि त्या दोघांचा संवाद 'टिंग टिंग' एवढाच. चर्चगेट ते विरार तेवढ्यावर निभावतं. घरी दोन खोल्यांच्या अंतरात एवढं नेमकं बोलणं मला अजून जमलेलं नाही.

उत्तनच्या बोटींचं काम याहून नाजूक. समुद्रात चॅनल सोळा, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्‌झ, संकटात हाक मारायला राखलेला. त्यावर गप्पा मारायच्या नसतात. बाकीच्या चॅनलवर मारता येतात, पण तिथे सगळ्यांचे कान. माझी कल्पना अशी, की ज्याच्या जाळ्यात घोळ लागली तो नाखवा सेटवर मासळीऐवजी हवापाण्यावरच बोलत असणार. पावसाळ्याच्या बंदीत बोटी वर ओढलेल्या आणि बोंबलाच्या वलांड्या रिकाम्या असताना किनाऱ्यावर फिरलं की वाटतं, आता हे सगळे इतक्या महिन्यांचं न बोललेलं घरी बोलून घेत असतील.

मग एका ओळखीच्या पोराने डोंगल आणून दिला. टीव्ही बघायला केलेला, बोटाएवढा. त्यातली चिप टीव्हीखेरीज बरंच काही पकडते हे 2012 च्या सुमाराला हौशी लोकांच्या ध्यानात आलं, आणि ज्या कामाला लाख रुपयांची पेटी लागायची ते लॅपटॉपवर होऊ लागलं. आता एवढं हातात आल्यावर मन काय काय ऐकावं म्हणतं. मी त्याला हॅम रेडिओच्या बँडवर आणून बसवलं. तिथले लोक परीक्षा देऊन परवाना काढतात, 'व्हीयू'ने सुरू होणारं नाव घेतात आणि कुणीतरी ऐकावं म्हणूनच बोलतात. बहुतेक वेळ ते एकमेकांना "तुमचा आवाज कसा येतोय" हेच सांगत असतात. हसू येतं. पण डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये मुक्कामाला असलेल्या भारती प्रसाद या हॅमबाईंनी आपल्या चमूसह निरोप पोचवले, ते याच 'आवाज येतोय का'च्या तालमीवर.

या बँडवरचं माझं लाडकं स्टेशन चारशे किलोमीटर उंचीवर आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं आणि 145.8 मेगाहर्ट्‌झवर अधूनमधून बोलतं. 2025 च्या जुलैत शुभांशू शुक्ला आपल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच बोलले होते. कधी वरून चित्रं पाठवतात, तीही आवाजात: नुसती शिट्टी, किरकिर, आणि लॅपटॉपवर एकेक ओळ उमटत जाते. स्थानक जवळ येताना फ्रिक्वेन्सी किंचित चढी लागते, दूर जाताना उतरते, मीरा रोडला न थांबता जाणाऱ्या मेलच्या भोंग्यासारखी. चित्राच्या मधोमध राखाडी खरखरीचा पट्टा आला, की समजायचं, स्थानक आमच्या सिंटेक्सच्या टाकीआड गेलं. दहा मिनिटांत सगळं आटपतं.

सोसायटीत अर्थात चर्चा झाली. गच्चीवर तार दिसली की पहिला संशय मोबाइल टॉवरचा, दुसरा केबल चोरीचा. सेक्रेटरी स्वतः वर आले, अँटेनाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मेंटेनन्सच्या वसुलीकडे वळले. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पापडाचं प्लास्टिक घेऊन आल्या. थोडा वेळ त्यांनी ती शिट्टी मन लावून ऐकली.

"हे वरून येतंय?"

"हो काकू, अंतराळातून."

"बरं. टँकर कधी येणार ते कळतं का यात?"

मी म्हटलं, त्याला वॉचमनचा वॉकीटॉकी ऐकावा लागेल. 446 मेगाहर्ट्‌झ, लहान सेट, लायसन लागत नाही.

"तो कशाला?" पापड पसरत काकू म्हणाल्या, "तो बोलला की आम्हाला पंखा चालू असतानाही ऐकू येतं. त्यालाच ठाऊक नसतं."