मेगापिक्सेलची उलटी गंगा

डिजिटल कॅमेऱ्याचे नवे मॉडेल घ्यावे की जुने, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसत असला तरी मराठी मध्यमवर्गात त्याचे स्वरूप मूलतः कौटुंबिक असते, आणि त्याच्या निर्णयासाठी सुशिक्षित गृहस्थ जेवढी जागरणे करतो तेवढी त्याने स्वतःच्या लग्नाच्या वेळीही केलेली नसतात. वास्तविक हा निर्णय सोपा व्हावा अशी व्यवस्था उत्पादकांनीच करून ठेवलेली होती: नव्या मॉडेलमध्ये मेगापिक्सेल जास्त, जुन्यात कमी. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू, आणि चित्रबिंदू म्हणजे ज्यांच्या दाटीतून छायाचित्र घडते ते सूक्ष्म ठिपके, ही व्याख्या ठाऊक नसली तरी कोणाचे काही अडत नसे, कारण दोन आकड्यांतला मोठा कोणता हे ओळखायला व्याख्या लागत नाही. या सुरळीत चाललेल्या संसारात २००९ साली कॅनन या जपानी कंपनीने बिब्बा घातला.

आदल्या वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, या कंपनीने पॉवरशॉट जी१० हा कॅमेरा जाहीर केला होता. त्याचे मेगापिक्सेल १४.७ होते, परंतु अपूर्णांक नेहमी घेणाऱ्याच्या अभिमानाच्या दिशेनेच पूर्ण करण्याचा प्रघात असल्यामुळे ते पंधरा म्हणूनच सांगितले जात. ऑगस्ट २००९ मध्ये त्याचा वारस जी११ आला, तो मात्र १० मेगापिक्सेल घेऊन. लेन्स तीच, २८ ते १४० मिलिमीटरच्या तोडीची आणि पाचपट झूमची; माथ्यावर डावीकडे उजेडाची दुरुस्ती करणारी आणि उजवीकडे आयएसओ बदलणारी, बोटाने फिरवायची गोल चकतीही तीच. मागचा पडदा तेवढा बिजागरीवर फिरू लागला होता आणि त्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून तीन इंचांवरून २.८ इंचांवर आला होता. विटी नवी होती, पण राज्य आखडलेले होते, आणि वारसाने वडिलांची इस्टेट एक तृतीयांशाने कमी करून दाखवावी हे कोणत्याही भारतीय ग्राहकाच्या पचनी पडण्यासारखे नव्हते.

कंपनीच्या या वागण्यामागे भौतिकशास्त्र होते. कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या चिपला सेन्सर म्हणतात. या दोन्ही कॅमेऱ्यांत तो सुमारे साडेसात मिलिमीटर लांब आणि साडेपाच मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखात मावेल एवढाच होता. त्याच्यावर किती चित्रबिंदू बसवायचे हा प्रश्न पंगतीच्या व्यवस्थेसारखा आहे. कार्यालय तेवढेच आणि श्रीखंडाचे पातेलेही तेवढेच असताना पाने वाढवली, तर यजमानाला मोठी पंगत उठवल्याचे समाधान मिळते, पण प्रत्येक पानावर श्रीखंडाचे बोट लागते. भर उन्हात उजेडाचे पातेले ओसंडत असल्यामुळे हे लक्षात येत नाही, आणि म्हणूनच दुपारी किल्ल्याच्या तटबंदीचा दगड न् दगड टिपण्यात जी१० आपल्या वारसाला हार जात नसे. दिवेलागणीनंतर मात्र प्रत्येक बिंदूच्या वाट्याला इतका थोडा प्रकाश येतो, की कॅमेऱ्याला तो कृत्रिमरीत्या वाढवून घ्यावा लागतो. ही वाढ दर्शवणाऱ्या आकड्याला आयएसओ म्हणतात, आणि ती करताना खऱ्या उजेडाबरोबर खोटे रंगीत ठिपकेही वाढतात, त्यांना नॉइज. जी१० चा आयएसओ १६०० वर थांबे, जी११ चा ३२०० पर्यंत जाई, आणि मुख्य म्हणजे त्या वाटेवर जी११ चे चित्र बरेच कमी ठिपकाळत असे.

परंतु भौतिकशास्त्राला घरात मत नसते. जी११ आणणाऱ्या गृहस्थाला मेहुण्याने पहिला प्रश्न ‘किती मेगापिक्सेल?’ असाच विचारायचा असतो, आणि ‘दहा’ या उत्तरानंतर पसरणाऱ्या शांततेत सेन्सरच्या क्षेत्रफळावर व्याख्यान देणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होय. येथे थोडे गणित करून पाहणे उद्बोधक ठरते. सहा इंच बाय चार इंचाची प्रिंट इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने काढली, तर तिला २१ लाख ६० हजार चित्रबिंदू लागतात. बाकीचे, दहाचे असोत वा पंधराचे, हार्ड डिस्कमध्ये सुखाने पेन्शन खातात. त्याच हिशेबाने जी११ मधून साधारण बारा इंच बाय नऊ इंचाची प्रिंट निघते. एवढ्या मोठ्या आकाराची छबी मराठी घरात बहुधा हार घालण्यासाठीच काढून घेतली जाते, आणि तीक्ष्णता कमी पडल्याची तक्रार त्या वेळी निदान छबीच्या मालकाकडून तरी येत नाही.

मुंबईच्या फोर्टातील बोरा बाजारासारख्या कॅमेऱ्यांच्या पेठेत सल्ला विचारावा, तर विक्रेत्याचे मत त्याच्याकडे शिल्लक असलेल्या मालाशी तंतोतंत जुळते, याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

पुढचा इतिहास अधिकच बोधप्रद आहे. २०१० च्या जी१२ मध्येही मेगापिक्सेल दहाच राहिले, त्यामुळे ‘आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे’ हे वाक्य गृहस्थांच्या तोंडी नुकते कोठे रुळत होते. तेवढ्यात २०१२ साली, १३ आणि १४ हे क्रमांक गाळून, जी१५ अवतरला. त्याचे मेगापिक्सेल बारा झाले होते आणि ज्या बिजागरीसाठी कमी आकडा गोड मानून घेतला ती बिजागरीच काढून टाकलेली होती. आता तर, फोनमधल्या गुळगुळीत छबींना कंटाळलेली कॉलेजातली मुले सीसीडी जातीच्या सेन्सरचे, म्हणजे नेमके याच पिढीतले, कॅमेरे हौसेने शोधत फिरतात आणि त्यांच्या दृष्टीने जी१० व जी११ हे दोघेही सारखेच जुने असतात. नव्याजुन्याचा तो वाद ज्यांनी पोटतिडकीने घातला, त्यांना मुले फक्त चार्जर कुठे ठेवला आहे एवढेच विचारतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते उन्हातान्हात भटकणाऱ्याने जी१० घ्यावा, आणि ज्याच्या नशिबी ट्यूबलाइटखालची बारशी व डोहाळजेवणे आहेत त्याने जी११. दोघांनाही एनबी-७एल हीच बॅटरी लागते. ती फुगलेली नाही ना, एवढे मात्र पैसे मोजण्यापूर्वी झाकण उघडून पाहून घ्यावे.