कोन्ती?

नशिराबादला आमच्या गल्लीत न्हाणीघरातून किंकाळी आली की दोन माणसं धावतात. काकू खराटा घेऊन आणि नाना भिंग घेऊन.

"सापसुरळी!"

"कोन्ती?"

बादलीवर चढून बसलेल्या बाईला हा प्रश्न विचारणारा माणूस जगात एकच. तिच्या लेखी ती सापाची मावशी, चाटलं तरी माणूस खलास. तिला विषच नसतं, हे शाळेत सांगून सांगून नाना निवृत्त झाले. गल्लीनं काही ऐकलं नाही.

नानांना नुसती 'सापसुरळी' चालत नाही. पाटलांकडून स्थळ आलं तरी "कोन्ते पाटील?" विचारणारा माणूस तो. एकदा मांजरीनं आणून टाकलेली मेलेली सापसुरळी त्यांनी मला भिंगाखाली दाखवली. पाठीच्या एकेका खवल्यावर बारीक कंगोरे होते, वहीला रेघा माराव्यात तसे. "मोज." तीन भरले. "म्हंजे कॅरिनाटा. पाच-सात असते तर मॅक्युलारिया." मी म्हटलं, कुशीला तांबूस दिसतंय की. "रंगावर जाऊ नको, भो. रंग पावसाळ्याचा, खवला जन्माचा!"

दुसऱ्यांदा कुंडीखालून एक निघाली. गांडुळासारखी वळवळणारी, लालसर शेपटीची. मी म्हटलं, सापाचं पिल्लू. नाना ओरडले, "पाय पाय!" पाय बघ म्हणतायत की नुसतंच बघ बघ, हे कळेस्तोवर ती पसार. तिला खरंच चार पाय असतात म्हणे, नखाएवढे. आणि खालच्या पापणीला पारदर्शक खिडकी. डोळा मिटूनही दिसतं. आमच्या हाती राहिली नुसती शेपटी, तीही नाचत. नानांनी ती पावडरच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवली. काकूंनी त्या डब्यात जिरे भरायचं ठरवलं होतं. त्यावर काय झालं ते लिहीत नाही.

नानांचं एकच दुःख आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या नावाची सापसुरळी 1926 पासून पुस्तकात आहे; नशिराबादच्या नावाची एकही नाही. म्हणून रोज सकाळी ऊन तापायच्या आत केळीच्या बांधावर बसायचं. भेटते रोज तीच, तीन कंगोऱ्यांची.

परवा चुलीमागून काहीतरी सर्रकन गेलं. नाना भिंग शोधत धावले. "कोन्ती व्हती?"

काकू भाकरी थापतच म्हणाल्या, "कोन्ती नही, कोन्ता. कुशीले लालभडक पट्टा व्हता, नर असीन."