डिस्कवैद्य

लॅमिंग्टन रोडच्या बोळांतून आणि बँकांच्या मोडीत काढलेल्या सामानाच्या लिलावांतून ज्यांचा अखंड वावर असतो, आणि लोक जे खोके लोखंडाच्या भावाने फुंकून टाकतात त्याच्या आतले यंत्र ‘अजून हयात आहे’ अशी ज्यांची ठाम खातरजमा असते, त्या सद्गृहस्थांस मी डिस्कवैद्य म्हणतो. पेशाने हे इसम बहुधा निवृत्त ऑडिटर, म्हणजे दुसऱ्याच्या दप्तरातील चूक सापडली की ज्यांना जेवण गोड लागते अशांपैकी असतात.

पाहुणा टेकतो न टेकतो तोच त्याच्यापुढे सीगेटची एसटी-२२५ येते. वीस मेगाबाइटांच्या, म्हणजे आजच्या मोबाइलमधील चार-पाच छायाचित्रांनी भरून जाईल अशा, या डिस्कच्या झाकणावर सदोष जागांची यादी कारखान्यानेच चिकटवलेली असते. आणि विक्रीपूर्वीच आपले दोष इतके तपशीलवार कबूल करणारा माल पुन्हा बाजारात आला नाही, हे वैद्यबुवांचे मत मलाही मान्य करावे लागते. मग वीज सोडली जाते. डिस्क हुंकारते, पण फिरत नाही, आणि वैद्यबुवांची मुद्रा प्रसन्न होते. दीर्घकाळ पडून राहिल्याने वंगण चिकट होऊन हेड त्या गुळगुळीत तबकडीला घट्ट धरून बसते, हे ‘स्टिक्शन’चे निदान सांगता सांगता ते यंत्र दोन्ही तळहातांत आडवे धरतात आणि लोणच्याच्या बरणीचे घट्ट बसलेले झाकण फिरवावे तसा मनगटाला एक झटका देतात. बारीकशी ‘टक्’ होते, आणि मग चढत जाणारी शीळ.

यानंतर अर्धा तास कोणी काही करावयाचे नाही, कारण हेड हलवणाऱ्या यंत्रणेची मापे उष्णतेने सरकत असल्याने थंड डिस्क फॉरमॅट करणे हा अक्षम्य प्रमाद होय. या अवधीत १९८७ साली साठ्यातील तूट झाकण्यासाठी डिस्कऐवजी खोक्यांत विटा भरून रवाना करणाऱ्या कोलोरॅडोच्या मिनिस्क्राइब कंपनीची कथा सांगितली जाते, आणि त्या विटांपैकी एकही नादुरुस्त झाल्याची तक्रार आली नाही, अशी पुस्ती जोडली जाते. मॅकिन्टॉशमधल्या क्वांटमच्या डिस्कांत रबराचे डांबर होते, तो अध्याय चहाबरोबर.

एवढ्या खटाटोपाअंती पडद्यावर उमटते ते कोणा बंद पडलेल्या कारखान्याचे १९८८ चे पगारपत्रक. ते कोणालाच नको असते, वैद्यबुवांनाही नसते. डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवण्याची सोय निघाली आहे, असे एका पाहुण्याने सुचवले तेव्हा त्यांनी ‘त्यात बिघडणार काय?’ असे इतक्या तुच्छतेने विचारले की तो बिचारा निरुत्तर झाला. एखादी डिस्क चार महिने विनातक्रार चालली तर ते तिच्याकडे संशयानेच पाहू लागतात. बंद करण्यापूर्वी मात्र ‘पार्क’चा हुकूम देण्यास ते चुकत नाहीत, कारण तो न मिळाल्यास हेड थेट मजकुरावरच मुक्काम ठोकते.

परवा त्यांच्या पत्नीने सहज म्हटले, “अहो, एवढ्या जिवापाड जपता, तर नातवाच्या मुंजीचे दोन-चार फोटो तरी हिच्यात ठेवा की!”

वैद्यबुवांनी चष्मा काढला. “वेड लागलंय का तुला? हिचा काय भरवसा?”