पीकपाणी

माझी गिटार वाईट वाजते ती माझ्या बोटांमुळे नाही, पिकमुळे, हा शोध मला क्लासच्या दुसऱ्याच आठवड्यात लागला. त्या दिवसापासून रियाज मागे पडला आणि संशोधन पुढे गेलं. बावन्नाव्या वर्षी ज्याला एफची कॉर्ड धरता येत नाही, त्याने निदान सामानाच्या बाबतीत तरी दर्दी असावं.

गिटार लेकीची. ती शिकायला आइंडहोवनला गेली आणि गिटार कपाटावर राहिली. धूळ पुसायला म्हणून मी ती खाली काढली ती आजतागायत वर गेलेली नाही. क्लासचे सर चोवीस वर्षांचे आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात. त्यामुळे चुकल्यावर कोणी कोणाला ओरडायचं हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

पिक हा शब्द मराठी घरात आणायच्या लायकीचा नाही, हे मला मागाहून कळलं. सांगलीहून काकांचा फोन आला. "काय चाललंय?"

"काही नाही, सध्या पिकाच्या मागे आहे."

"अरे वा! सोयाबीन का हळद?"

फोनवर रेंज कमी आणि माझा उत्साह जास्त. मी म्हणालो, "तसं नाही हो काका. शून्य पॉइंट त्र्याहत्तर बरं वाटतंय, पण अठ्ठ्याऐंशीपर्यंत जायचा विचार आहे."

"गुंठे?"

एवढ्यात फोन कट झाला. पुढच्या आठवड्यात चुलत भावाकडून कळलं की मी पुण्यात कुठेतरी पाऊण गुंठा घेतलाय आणि शेजारचंही बघतोय, अशी गावात बोलवा आहे. पुण्यात पाऊण गुंठा म्हणजे थट्टा नाही. भाऊबंदांत माझा भाव अचानक वधारला. मी अजून कोणाचाही गैरसमज दूर केलेला नाही.

तर ०.७३ हे मिलिमीटर. गिटारच्या पिकची सगळी जातपात या जाडीवरून ठरते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं पिक पातळ. तारांवरून फिरवलं की ते स्वतःच वाकतं, त्यामुळे नवशिक्याच्या हाताचा रानटीपणा झाकला जातो. स्ट्रमिंगला ते बरं, पण त्याचा एक फटफट आवाज येतो. लहानपणी सायकलच्या स्पोकमध्ये पत्त्यातला जोकर अडकवून आम्ही बुलेट काढायचो, अगदी तो. उलट एक-दीड मिलिमीटरचं पिक म्हणजे दाराची कडी. ते वाकत नाही, म्हणून वाकायचं काम तुमच्या मनगटाला करावं लागतं. एकेक सूर त्याने ठसठशीत निघतो, पण माझ्यासारख्याने त्याने सहाही तारा छेडल्या तर तिसऱ्या तारेशी गाडी रुळावरून घसरते. टोक अणकुचीदार असेल तर आवाज चकचकीत, गोल असेल तर मऊ. नायलॉनचं वेगळं, सेल्युलॉइडचं वेगळं. शिवाय हातात धरायचं ते चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं: घट्ट धरलं तर मरतं, सैल धरलं तर उडतं. माझी आजवर बरीच उडाली आणि काही मेली.

हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, कुठलंही चालेल. मनगट सैल सोडा." एवढ्या वरवरच्या उत्तरासाठी मी महिन्याची फी भरत नव्हतो.

खरा आधार मिळाला तो वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये काढून ते निवृत्त झाले आहेत आणि जगात मोजण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून दुःखी असतात. मी पाकिटातून अकरा पिक काढून त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी चष्मा बदलला, लाल मखमलीच्या डबीतून मायक्रोमीटर काढला आणि एकेक मोजून वहीत लिहिलं. मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "०.७३ लिहिलंय, ०.७४ भरतंय. टॉलरन्स किती दिलाय?" मला कोणी इतक्या गांभीर्याने घेतल्याला खूप वर्षं झाली होती.

जाडी झाली, आता द्रव्य. जुने लोक कासवाच्या पाठीचं पिक वापरत, हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाचं. तारेवरून ते जसं निसटायचं तसं दुसरं काही निसटत नाही असं म्हणतात. त्या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९७० च्या दशकात बंद झाला. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. ते बरंच झालं. माझ्या वादनापायी एखाद्या कासवाने जीव द्यावा, असं मी अजून काही वाजवलेलं नाही. त्याच्याही आधी, १९२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या लुइजी डी'आंद्रिया यांनी सेल्युलॉइडचे पिक कापायला सुरुवात केली होती. सेल्युलॉइड म्हणजे तेच, ज्याच्या फिल्मवर फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. हे मी बायकोला फार अभिमानाने सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "ते पेटतं ना? मग गॅसपासून लांब ठेव."

इथे करवंटीबद्दल थोडं सांगायला हवं. थोडं म्हणालो खरा.

सतारीला तारेची नखी असते, ती तर्जनीत घालतात. पण सरोद वाजवतात जव्याने, आणि जवा करतात नारळाच्या करवंटीचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं आजोळ मालवणचं. ज्या वस्तूसाठी मी परदेशी प्लास्टिकला पैसे मोजत होतो, ती आमच्या आजीच्या परसात ढिगाने पडलेली असायची आणि आम्ही ती न्हाणीघराच्या चुलीत घालायचो! केवढी पिढीजात उधळपट्टी! दुसऱ्या दिवशी चार नारळ आणले.

नारळ फोडणं वेगळं आणि करवंटीसाठी नारळ फोडणं वेगळं. पहिल्याचे पाच तुकडे झाले, एक फ्रीजखाली गेला. दुसरा बरोबर मधोमध फुटला, पण आतून नासका. तिसऱ्याच्या डोळ्यांकडची बाजू जाड आणि दुसरी पातळ, म्हणून मधली पट्टी घ्यायचं ठरलं. हॅकसॉ ब्लेडने तिकोन कापला. करवंटी ही मुळात गोलाईने वाढलेली वस्तू. तिच्यातून सपाट तुकडा काढणं म्हणजे पुणेकराकडून सरळ उत्तर काढण्यापैकी. मग पॉलिश पेपर, आधी १२० नंबरचा, मग ४००. घासताना एक वास सुटतो, वाटणाचं खोबरं जरा जास्त भाजलं की येतो तसा. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, "आज मासे का?"

इकडे उरलेल्या तीन नारळांचं खोबरं वाया कसं घालवणार? पहिल्या दिवशी सोलकढी झाली. दुसऱ्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ, चटणी आणि वड्या. तिसऱ्या दिवशी तोंडलीच्या भाजीवर, पोह्यांवर, कोशिंबिरीत. चौथ्या दिवशी बायको काही बोलली नाही, फक्त खोवणीवर बसून माझ्याकडे पाहत राहिली. विळीवर बसून बाई आपल्याकडे अशी बघते तेव्हा जास्त खुलासे करू नयेत. पाचव्या दिवशी मी चहाच्या भांड्याचं झाकण आधी उचलून पाहिलं.

सहाव्या दिवशी पिक तयार झालं. खोबरेल तेलाचं बोट फिरवल्यावर ते जुन्या शिसवी फर्निचरसारखं चमकायला लागलं. वर नेलं. मायक्रोमीटर फिरला. "दोन पॉइंट एक," गृहस्थ म्हणाले. "हे पिक नाही हो, वॉशर आहे."

पण आवाज! खोटं कशाला सांगू, एकेका तारेवर तो फार गोड होता. धातूची किरकिर गेली, सूर गोल आणि ओला झाला. विहिरीत बादली पडल्यावर खालून येतो ना, तसा. मी एकटाच खोलीत बसून चौथी तार अर्धा तास वाजवली. मग धीर करून सगळ्या तारांवरून हात फिरवला आणि टोकाचा टवका उडाला. सहा दिवस आणि चार नारळ. तो टवका अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्यानंतर नाण्याचा प्रयोग. क्वीन बँडचे ब्रायन मे ब्रिटिश सिक्सपेन्सच्या नाण्याने गिटार वाजवतात, म्हणून मी जुने चार आणे काढले. ३० जून २०११ पासून ते चलनातून बाद झालेत. माझ्या तारांवरूनही पहिल्या दिवशीच बाद झाले.

१९७३ च्या 'यादों की बारात'मधलं ते प्रसिद्ध गाणं मला बसवायचं आहे. त्याची सुरुवात काचेच्या पेल्यावरच्या टिंग आवाजाने होते, मग भूपिंदर सिंग यांची गिटार येते. टिंगपर्यंत मी निर्दोष वाजवतो.

गेल्या रविवारी सकाळी मी त्या टिंगच्या पुढे जाण्याचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात माझं सगळ्यात लाडकं पिवळं ०.७३ निसटलं आणि थेट गिटारच्या पोटात गेलं. अकूस्टिक गिटारच्या या भोकाइतकी पिकची भूक दुसऱ्या कशाला नसेल. ते बाहेर काढायचं एक शास्त्र आहे. गिटार पालथी करून डोक्यावर धरायची आणि हलवत हलवत पिक भोकापर्यंत आणायचं. पण आतून लाकडी फासळ्या असतात. पिक एकीला अडतं, मग दुसरीला. खडखड ऐकू येते, हाती काही लागत नाही. मी मान वर करून, एक डोळा मिटून, सोफ्यावर उभा राहून गिटार हलवत होतो. कामाच्या मावशी फडकं घेऊन दारात थांबल्या. "दादा, आत झुरळ गेलं का?"

आणि पडलं. एक हेअरपिन पडली. रिफिलचं टोपण पडलं. मग एक निळा तिकोनी तुकडा माझ्या चष्म्यावर आपटून सोफ्यावर पडला. माझं पिवळं पिक आतच.

निळा तुकडा प्लास्टिकचा होता. कात्रीने कापलेला, कडा नखाच्या कानशीने घासलेल्या, टोक नीट गोल केलेलं. उलटा केला तर पांढऱ्या पट्टीवर माझी अर्धी सही. मुदत संपलेलं माझं डेबिट कार्ड. मी ते का जपून ठेवलं होतं कोण जाणे, पण मुदत संपलेली प्रत्येक गोष्ट मी जपून ठेवतो.

मोठमोठ्या गिटारवादकांच्या सहीचे पिक कंपन्या काढतात. माझ्याही सहीचं पिक निघालं होतं तर, आणि मलाच पत्ता नव्हता.

लेक तेव्हा नववीत होती. गिटार नवी होती, वाढदिवसाची. तिने माझ्याकडे पिकसाठी वीस रुपये मागितले. गिटारबरोबर आलेलं एकुलतं एक हरवलं होतं. बरोबर तिची मैत्रीण उभी होती. मी पेपरमधून डोकं न काढता म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडे." आणि ती गप्प राहिली म्हणून दुसरा अर्धाही ऐकवला, "रांधता येईना ओली लाकडे." मैत्रीण हसली. लेक "बरं" म्हणून आत गेली. हे उत्तर मला इतकं आवडलं होतं की पुढे लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या डब्याला, कुठे कुठे मी ते सांगितलं. माझ्या हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून. त्या पंगतींत बऱ्याचदा तीही बसलेली असायची. मान खाली घालून जेवायची.

वीस रुपये. माझ्या पाकिटात आज एकोणीस पिक आहेत. त्यांचा हिशेब मी बायकोला तर सोडाच, स्वतःलाही दिलेला नाही.

मी तो तुकडा घेऊन वर गेलो. खरं तर मोजायची गरज नव्हती. त्यांनी मायक्रोमीटर लावला, आकडा वाचला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "०.७६. कार्ड आहे ना? जगभर तेवढंच असतं. आयएसओचं स्टँडर्ड. याला म्हणतात माप." मग तुकडा उजेडात धरून म्हणाले, "फिनिशिंग कोणी केलंय? हात चांगला आहे."

खाली येऊन त्याने वाजवून पाहिलं. आमच्या सरांच्या नादी लागून मनगटही जरा सैल सोडलं. टिंगच्या पुढे पहिल्यांदाच दोन ओळी गेलो. तिसरीत नेहमीची एफ आली.

फोटो काढून लेकीला पाठवला. सोबत काय लिहावं सुचेना. "हे सापडलं" एवढंच लिहिलं. तिकडे सकाळचे साडेसात वाजले असतील, रविवार, झोपली असेल म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात निळ्या खुणा झाल्या. 'टाइप करत आहे' असं बराच वेळ दिसत राहिलं, मग गेलं, मग परत आलं.

"अय्या बाबा!! अजून आहे ते? एका कार्डात चार होतात. बाकीचे पण आतच असणार, कपाटात कुठे सापडले नव्हते. नीट हलवा. आणि अंगण कसं आहे?"

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला, सोफ्यावर चढलो आणि गिटार डोक्यावर घेतली. मावशी भांडी घासता घासता डोकावल्या.

"अजून आहे का हो झुरळ?"

"तीन आहेत," मी म्हणालो.