रंग ओला, नंदी कोरा

भंडारा जिल्ह्यात तालुके सात. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, एक तरी असे सर सापडतील, ज्यांच्या घरी लाकडी नंदी चार वर्षांपासून प्रायमरवर उभा आहे. 'सर' म्हणजे शिक्षकच असं काही नाही. आपल्याकडे विम्याचा एजंट सर असतो, पतसंस्थेचा कॅशियर सर असतो. शर्टाच्या खिशात दोन पेनं, चष्म्याला दोरी, आणि निवृत्ती एक तर नुकतीच झालेली किंवा मनानं झालेली. स्वतःला ते कलावंत म्हणवत नाहीत. "आपला थोडा छंद आहे जी," एवढंच म्हणतात. या 'थोडा'वर विश्वास ठेवून आपण पाच मिनिटं टेकलो, की संध्याकाळ गेलीच.

नंदी आला तो नातवापायी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं ओळीत उभी राहतात, बक्षिसं वाटली जातात, आणि मग दारोदार बोजारा मागत हिंडतात. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला तर माणूस मान वर करून पाहील एवढाले नंदी निघतात. सरांच्या नातवाचा नंदी तळहातावर मावेल एवढा. बाकीचे लोक असला नंदी दुपारच्या चहाआधी उरकतात. सुताराकडून कोरा आणला, हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या ऑइलपेंटची डबी आणली, अंगाला पांढरा, शिंगांना लाल, पाठीवर झूल, काडीच्या टोकानं डोळे. उरलेल्या रंगात घराचा नंबर परत एकदा लिहून घेतला. विषय संपला.

सरांचाही विषय संपला असता, मुलगा पुण्याहून एक डबा घेऊन आला नसता तर.

मुलगा संगणक कंपनीत. त्याला इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमहून निघणाऱ्या 'वॉरहॅमर' या खेळातले प्लास्टिकचे शिपाई रंगवायचा नाद. शिपाई उंचीला 28 मिलिमीटर आणि त्याच्या पट्ट्याच्या बकलालाही सावली. 1983 पासून जगभरची मोठी माणसं हे शिपाई रंगवतात आणि टेबलावर लढवतात. सरांना शिपायांत गोडी वाटली नाही. त्यांचा जीव जडला तो रंगाच्या डब्यावर. झाकणाचा चपटा डबा, तळाशी ओला स्पंज, स्पंजवर एक कागद आणि कागदावर रंगाचे थेंब. वेट पॅलेट. दिवाळी झाली, मुलगा पुण्याला परतला, डबा मात्र भंडाऱ्यातच राहिला. मुलाला तो बसस्टँडवर आठवला. सरांनी फोनवर सांगितलं, "राहू दे, मी पाहतो जरा." ते अजून पाहताहेत.

त्यातलं शास्त्र त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे, आणि खरंही आहे. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जुने पहाडी-राजस्थानी चित्रकार शिंपल्यांत डिंकाचे रंग ठेवत. ते सुकले तरी ओलं बोट फिरवलं की जागे व्हायचे. ॲक्रिलिक एकदा झोपला की झोपला. म्हणून खालून पाणी द्यायचं. कागद असा हवा की पाण्याचा ओलावा वर यावा पण रंग खाली उतरू नये. "आपल्या कूलरची खस कशी ओली राहते, तसं," सर सांगतात. विदर्भातल्या माणसाला याहून जास्त काही समजावून सांगावं लागत नाही.

नवतपात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की थाळीतला ॲक्रिलिकचा थेंब ब्रश पुसेपर्यंत कवडी होतो. तेव्हा हा डबा म्हणजे वरदान, यात वाद नाही. पण नंदी रंगवायचा असतो पोळ्याला, आणि पोळा येतो श्रावणी अमावस्येला. रोवणी उरकलेली, तलाव भरलेले, दोरीवरचा टॉवेल दोन दिवस ओला. भंडाऱ्यात त्या दिवसांत सुकत काहीच नाही. नेमक्या त्याच दिवसांत सर माळ्यावरून डबा काढतात आणि रंग सुकू नये म्हणून झटायला लागतात.

झटणं कागदापासून सुरू होतं. बटर पेपर चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. ट्रेसिंग पेपर आणला तर तो पापडासारखा वळतो. बेकिंगचा कागद लागतो. तो शोधत सर सगळा बाजार पालथा घालतात. बेकरीवाला म्हणतो, "सर, आमी तं तेल लावून पाव ठेवतो." शेवटी नागपूरहून येणाऱ्या कुणाला तरी तो आणायला सांगितला जातो. येतो तो वीस मीटरचा रोल. त्यातला वीतभर डब्यात जातो. उरलेल्यात दिवाळीच्या अनारशांचा प्रश्न पाच वर्षांसाठी सुटतो.

मग पाणी. नळाचं पाणी सर घेत नाहीत. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपण पितो वैनगंगा. त्यामुळे या मुद्द्यावर सरांना हसण्याचा अधिकार भंडाऱ्यात कुणालाच नाही. डब्यात फिल्टरचं पाणी जातं. नातवाला मात्र नळावर पाठवतात. पाणी जास्त झालं तर रंग पाझरून पसरतो, कमी झालं तर कडेनं सुकतो. स्पंज बोटानं दाबल्यावर ओलावा दिसावा पण साचू नये, हे साधेपर्यंत सकाळ सरते आणि वरणभाताची हाक येते.

एवढं जपून ठेवलेल्या ओल्या डब्यात चौथ्या-पाचव्या दिवशी बुरशी येते. त्यावर जगभरच्या रंगवणाऱ्यांचा तोडगा म्हणजे पाण्यात तांब्याचं नाणं. तांब्यानं बुरशी दबते. भंडारा हे पितळेचं गाव. पितळेतही तांबं असतं, म्हणून सरांनी आधी देव्हाऱ्यातली पळी टाकून पाहिली. ती घरच्या सत्तेनं तासाभरात परत घेतली. मग आजोबांच्या पेटीतला भोकाचा पैसा निघाला, 1943 ते 47 दरम्यानचा. युद्धात धातू वाचावा म्हणून मधोमध भोक पाडलेला. "पुरं तांबं नाही, ब्राँझ आहे," सर बजावतात, "पण काम करते." आणि डबा फ्रिजमध्ये जातो, कारण थंडीत बुरशी आणखी मंदावते.

तिथे तो कोथिंबिरीच्या डब्याशेजारी बसतो. दोन्ही चपटे, दोन्ही हिरव्या झाकणाचे.

"अजी, या डब्यात पैसा काहून टाकला जी?"

"बुरशी येत नाही."

"अन् माह्या हाताले हे हिरवं काय लागलं? मले वाटलं सांबाराचा डबा आहे."

"ते झुलीचं हिरवं आहे. मिसळायला दोन तास लागले होते."

"मंग भाजीत पडलं थोडंसं. जेवा आता."

सर जेवले. भाजी कशी झाली हे त्यांनी सांगितलं नाही, पण हिरवा परत मिसळायला घेतला.

सोनेरी रंगाचं प्रकरण याहून बिकट. नंदीची शिंगं आणि झुलीचा काठ सोनेरी हवाच, त्याशिवाय पोर बाहेर पडत नाही. पण सोनेरी रंगात अभ्रकासारखे चकचकीत कण असतात, आणि वेट पॅलेटवर ते एका जागी बसत नाहीत, ओलाव्याबरोबर फिरतात. रात्री एका कोपऱ्यात ठेवलेला सोनेरी सकाळपर्यंत पांढऱ्यात, काळ्यात, लालात सगळीकडे जाऊन आलेला असतो. जाणकार म्हणूनच सोनेरी रंग वेगळ्या वाटीत घेतात. सरांनाही हे माहीत आहे. पण वाटीत घेतला तर तो सुकेल ना!

मला तरी या सगळ्या प्रकाराचं मूळ इथंच दिसतं. रंग सुकतो, या एका भीतीनं माणूस कामाला लागतो. डबी उघडली, आता हलवलं नाही तर वाया जाईल, म्हणून ब्रश चालतो. जगात ज्यांनी ज्यांनी सुकण्यावर मात केली, त्यांना त्यातून काहीतरी करायचं होतं. युरोपातले चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत. 1841 साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकारानं पिळायची ट्यूब काढली, आणि चित्रकार ती खिशात घालून नदीकाठी गेले. सरांनी सुकण्यावर मात केली आणि चहा मागवला. रंग उद्याही ओला असणार, परवाही असणार. घाई कसली? त्यांच्यावर जो एक साहेब उरला होता, तोही त्यांनी स्पंजवर बसवला.

तशात त्यांना थरांचा मंत्र मिळालेला. एक जाड थर द्यायचा नाही, दोन पातळ द्यायचे. बरोबरच आहे, जाड थरानं कोरीव काम बुजतं. पण सुताराच्या तान्ह्या नंदीला कोरीव काम म्हणजे चार पाय आणि एक वशिंड. ते बुजायला डांबर लागेल. डोळ्यांसाठी तिहेरी शून्य नंबरचा ब्रश मागवलेला आहे, त्याचं टोक बिघडू नये म्हणून तो नळीतून अजून बाहेर आलेला नाही.

"आबाजी, नंदी कवा होईल जी?" नातू विचारतो.

"बेस झाला न बेटा. आता फक्त सावल्या."

बेस म्हणजे राखाडी प्रायमर.

गेल्या तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री आजीनं हे प्रकरण हाती घेतलं. फाटकाला लावून उरलेला निळा ऑइलपेंट तिनं पायरीवर बसून दुसऱ्या कोऱ्या नंदीला फासला. दहा मिनिटांत नंदी तयार झाला. पण पावसाळी हवेत ऑइलपेंट रात्रभरात कुठला सुकायला? सकाळी पोरगा नंदी घेऊन निघाला तो निळ्या हातांनी. ज्यांनी ज्यांनी बोजारा दिला त्यांच्या नोटांना निळा, दाराच्या कड्यांना निळा, परीक्षकांच्या पांढऱ्या लेंग्याला निळा. त्या संध्याकाळी सरांइतका समाधानी माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. "म्हणून म्हणतो, ॲक्रिलिक वापरा," ते सगळ्यांना सांगत फिरत होते. ॲक्रिलिक त्या क्षणीही फ्रिजमध्ये, पैशाच्या पहाऱ्यात, टवटवीत होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. देण्यात हा माणूस कंजूष नाही. शाळेतली पोरं नकाशाला निळा मागायला येतात, मिळतो. गणेश मंडळाला मूर्तीच्या सोंडेवरचा टवका झाकायचा असतो, मिळतो. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नाटक असलं की पडद्याचा कोपरा दुरुस्त करायला लाल जातो. रात्री दहाला दार वाजवा, रंग ओलाच असतो, आणि वर स्पंज कसा दाबावा हे फुकट ऐकायला मिळतं. तालुक्यातल्या निम्म्या रंगकामाला सरांच्या डब्याचा हातभार लागलेला आहे. राहिला आहे तो त्यांचाच नंदी.

तेव्हा तुमच्याही गावात असे सर असतील, तर पोळ्याला नंदी त्यांच्याकडे रंगवायला टाकू नका. सुताराकडून रंगवलेलाच आणा. रंग मात्र जरूर त्यांच्याकडून न्या. झाकणाची डबी घरून घेऊन जा, आणि सोनेरी मागू नका.