कृतार्थता केंद्र, मु. पो. भिवंडी

भिवंडीत सध्या शब्दांना चांगला भाव आहे. कापडाला नाही, म्हणून सांगतो.

धामणकर नाक्याजवळच्या एका क्लासला भाच्याचं नाव घातलंय. रोज दहा 'अ‍ॅडव्हान्स' इंग्रजी शब्द, अर्थासकट पाठ. परवा म्हणाला, "मामा, आज फरागो शिकलो." हाच शब्द शशी थरूर यांनी २०१७ साली ट्विटरवर टाकला आणि अख्खा देश डिक्शनरीकडे धावला. लॅटिनमधला त्याचा मूळ अर्थ, गुरांपुढे ठेवायचं मिश्र खाद्य. म्हणजे आंबोण! आमच्या आजीनं ते जन्मभर कालवलं, तेही फी न भरता.

शब्दांची खरी किमया बघायची तर मानकोली, पूर्णा, दापोड्याकडे चक्कर मारा. तिथे पूर्वी गोडाऊन होती. त्यांची वेअरहाऊस झाली, तेव्हा पत्रे बदलले. आता काहींची 'फुलफिलमेंट सेंटर' झालीत. भाच्यानं अर्थ सांगितला, कृतार्थता. हमालालाही बढती मिळाली, तो आता 'असोसिएट'. पाठीवरचं ओझं तेवढंच, गळ्यात आयकार्डाची भर. रस्त्यावरचे खड्डे मात्र अजून खड्डेच आहेत. त्यांना कोणी क्लासला घातलेलं नाही.

खरं तर भिवंडीला इंग्रजीची धास्ती कधी नव्हतीच. बीम, बॉबिन, डॉबी, जेकार्ड, सायझिंग हे शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या कारागिरांनी कानानं उचलले आणि हातानं घोटले. उलट दिशेनंही माल गेला. मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजांनी 'डंगरी' शब्द उचलला. आता आमचीच पोरं त्याचं स्पेलिंग चुकतात आणि मार्क घालवतात.

काल भाच्याला 'ऑब्सोलीट' आला. अर्थ, कालबाह्य. बाईंनी वाक्यात उपयोग करून आणायला सांगितलं होतं. पोरगं पेन चावत बसलं. शेजारी भावोजी बसले होते. त्यांचे बारा साधे लूम गेल्या महिन्यात भंगारात गेले, किलोच्या भावानं.

"लिही की," ते म्हणाले, "त्यात काय अवघड आहे?" आणि वाक्य त्यांनीच सांगितलं, मराठीत.

भाच्यानं ते इंग्रजीत उतरवलं. आज वही तपासून आली. दहापैकी दहा.